यहुदी लोकांचा मांडवांचा सण

धान्य खळ्यांतून घरीं आलें, द्राक्षांचा रस रांजणांत पडला, म्हणजे गृहस्थानें आपल्या भक्कम घरांत निश्चिंत बसावें, असेंच कोणासही वाटेल. यहुदी धर्मशास्त्र मात्र नेमकें याच वेळीं त्याला घराबाहेर काढतें! ‘सुक्कोथ’, म्हणजे मांडवांचा सण, तो हाच. तिश्री महिन्याच्या पौर्णिमेस, बहुधा आपल्या कोजागरीच्या किंवा तिच्या आधींच्या पौर्णिमेच्या सुमारास, तो सुरू होतो व सात दिवस चालतो. मिसर देशाच्या दास्यांतून सुटलेले पूर्वज ४० वर्षें रानांत भटकत असतां झोपड्यांतून राहिले, त्याची ही आठवण. आणि वर्षाच्या अखेरच्या सुगीचा हा उत्सवही.

मांडवाचे नियम मोठे मार्मिक आहेत. भिंती कशाच्याही चालतात. परंतु छप्पर तोडलेल्या फांद्यांचें, झावळ्यांचें किंवा बोरूचेंच हवें. जिवंत वेल वर चढवून भागत नाहीं. आंत उन्हापेक्षां सावली अधिक असावी, पण रात्रीं वर पाहिलें असतां चांदण्या दिसाव्यात. थोडक्यांत, छप्पर गळकें पाहिजे! त्याखालीं सात दिवस जेवावें. जमेल तेथें निजावेंही. ताटांतलें अन्न बिघडेल इतका पाऊस आला, तर घरांत जाण्याची मुभा आहे. अब्राहामादि सात पूर्वज रोज एक याप्रमाणें पाहुणे येतात अशी श्रद्धा असून, त्यांचा वांटा गरिबास द्यावा असें सांगितलें आहे. दार लावून बायकामुलांसहच जेवणाऱ्याचा आनंद हा सणाचा नव्हे, पोटाचा, असें मैमोनिडीस या बाराव्या शतकांतील आचार्यानें स्पष्ट बजावलें आहे.

या दिवसांत खजुराचें न उमललेलें पान, विलायती मेंदीच्या तीन डहाळ्या आणि वाळुंजाच्या दोन, अशी जुडी एका हातीं व निर्दोष महाळुंग दुसऱ्या हातीं धरून प्रार्थना करितात. महाळुंगास चव आहे, सुवासही आहे; खजुरास नुसती चव, मेंदीस नुसता सुवास, आणि बिचाऱ्या वाळुंजास दोन्हीही नाहींत. चव म्हणजे विद्या, सुवास म्हणजे सत्कर्म. तरीही वाळुंज वगळला तर विधि पुरा होत नाहीं!

आपल्या कोंकणांतील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल लोकांत पूर्वी तिश्री महिन्यांतच ‘खिरीचा सण’ होत असे. नव्या धान्याच्या त्या खिरीचें नातें याच सुगीच्या सणाशीं जोडण्यांत येतें.

यरुशलेमचें मंदिर इ. स. ७० मध्यें उध्वस्त झालें. तोंवर या सणांत शिलोआच्या झऱ्याचें पाणी तेथील वेदीवर ओतीत. कारण त्या देशांत उन्हाळाभर पाऊस नसतो, आणि पुढची पेरणी सारी येणाऱ्या पावसावर अवलंबून. इतकी निकड असूनही पावसाची प्रार्थना सात दिवस करीत नाहींत. सणांत पाऊस पडणें म्हणजे धन्यासाठीं प्याला भरावयास आलेल्या सेवकाच्या तोंडावर सुरई ओतणें, असें जुने शास्त्री मानीत. आठवा दिवस उजाडला, कीं मगच पावसाचें नांव घ्यावयाचें.