छातीतल्या पाण्यातल्या पेशी तपकिरी का करतात?

मिरजेजवळ वानलेसवाडीला टीबीचं सॅनिटोरियम होतं, हे सांगलीकरांना ठाऊक आहे. त्यामुळे खोकला आणि छातीत पाणी म्हटलं की आपल्याकडे पहिली शंका टीबीची. ती रास्तच आहे. पण तेच पाणी कधी कधी कॅन्सरमुळेही साठतं.

मग कळणार कसं? काढलेलं पाणी मशीनमध्ये गरगर फिरवतात. तळाचा गाळ मेणात बसवून त्याचे पातळ काप काचेवर घेतात. त्यावर अँटिबॉडी सोडतात. ती एकच ठरावीक प्रथिन शोधून चिकटते. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सर्च क्वेरीच. पण नुसती चिकटलेली दिसत नाही. म्हणून तिच्यामागोमाग पेरॉक्सिडेज हे एन्झाइम जोडतात. डॅब नावाचं रसायन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं, की नेमका तिथंच तपकिरी रंग उमटतो.

टीटीएफ-१ ला केंद्रक रंगलं तर कल अडेनोकार्सिनोमाकडे, पी४० ला रंगलं तर स्क्वॅमसकडे. टीटीएफ-१ थायरॉइडच्या पेशींतही असतं, म्हणून एकाच डागावर निकाल देत नाहीत. प्रकार कळणं महत्त्वाचं, कारण पेमेट्रेक्सेड हे औषध अडेनोला चालतं, स्क्वॅमसला देत नाहीत.

तेव्हा टीबीची औषधं चालू असूनही पाणी पुन्हा साठलं, तर डॉक्टरांना सरळ विचारा: पाण्यातल्या पेशी तपासल्यात का? सेल ब्लॉक केलाय का?