बाप्तिस्मा घेतला, जू नाही

बारामती-इंदापूरला लागूनच दौंड तालुका. तिथल्या केडगावात पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन उभे आहे. त्या ख्रिस्ती झाल्या, पण चर्चपुढे झुकल्या नाहीत, ते असे.

• बाप्तिस्मा : २९ सप्टेंबर १८८३, वाँटेज, इंग्लंड. अँग्लिकन पंथात.

• वाद : त्रैक्याचे (पिता, पुत्र व पवित्र आत्मा एकच देव) तत्त्व त्यांना बायबलमध्ये सापडेना. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्यांनी पुरुषांना शिकवण्यास भारतातल्या बिशपांनी हरकत घेतली. ही हरकत बोचल्याचे रमाबाईंनी स्पष्ट कळवले.

• भूमिका : १८८५ मध्ये आपल्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना त्यांनी लिहिले, की पुरोहितांच्या जोखडातून नुकतीच सुटले आहे, तसेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही.

• क्रूस : क्रूसावरची अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतात असावीत, असा त्यांचा आग्रह होता.

• बायबल : मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी स्वतः मराठी भाषांतर केले. ते केडगावच्याच छापखान्यात छापले गेले.

• पुरावा : रमाबाईंचा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला.

रमाबाईंनी ख्रिस्त सोडला नाही आणि स्वतःचा विवेकही गहाण टाकला नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावातच त्यांचे निधन झाले.