अंगठ्याच्या टोकावरची नोकरी

आमच्या वसाहतीत दर रविवारी सकाळी मुलांचा अभ्यासवर्ग भरतो. परवा वर्ग सुटल्यावर सातवीतली एक मुलगी आईचा मोबाइल घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. पडद्यावर एक बाई पायाच्या बोटांच्या टोकावर उभी राहून भोवऱ्यासारखी फिरत होती. "काका, हिला दुखत नाही का? आणि ही दिवसभर काय काम करते? आणि काका, ही काळी आहे!" हे सारे तिने एका दमात विचारले. आम्ही वीस वर्षे बिले तपासणारे कारकून; डेबिट-क्रेडिटचे विचारले असते तर तिथल्या तिथे सांगितले असते. "पुढच्या रविवारी सांगतो," म्हणून वेळ मारून नेली आणि आठवडाभर रात्री जेवणानंतर मिळेल ते वाचले, पाहिले. तिला जे सांगितले तेच, थोडे विस्ताराने, वाचकांसमोर ठेवत आहोत.

या नाचाला बॅले म्हणतात. राजेरजवाड्यांच्या महालात वाढलेला हा नाच. फ्रान्सच्या चौदाव्या लुई राजाने १६६१ साली पॅरिसमध्ये नृत्याची अकादमी काढली, म्हणून आजही न्यूयॉर्कपासून मॉस्कोपर्यंत नाचाच्या पावलांची नावे फ्रेंचच आहेत. राजे गेले, नाच राहिला. आणि नाचणारे? त्यांच्यात गरिबांची लेकरे पूर्वीपासून आहेत. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ऑपेरात शिकणाऱ्या कित्येक मुली कष्टकरी घरांतल्या असत आणि त्यांना चक्क 'छोटे उंदीर' म्हणत.

आता तिचा दिवस पाहू. सकाळी दहाच्या सुमारास वर्ग सुरू होतो. नवशिकी असो की पंधरा वर्षे मुख्य भूमिका केलेली असो, वर्ग सर्वांना. भिंतीलगत कमरेच्या उंचीचा लाकडी कठडा असतो, त्याला एका हाताने धरायचे आणि गुडघे वाकवण्यापासून सुरुवात करायची. सात-आठ वर्षांच्या पोरीला पहिल्या दिवशी जे शिकवतात, तेच ही बाई चाळिशीतही रोज सकाळी करते. मग पाय पुढे, बाजूला, मागे. मग हवेत वर. मग कठडा सोडून खोलीच्या मध्यभागी तोल, गिरक्या आणि उड्या. दीड तास. मोठ्या कंपन्यांत पियानोवादक समोर बसून वाजवतो. समोर भिंतभर आरसा. आपला दोष आपणच रोज पाहायचा, अशी ही व्यवस्था.

दुपारी बारापासून तालमी. अमेरिकन बॅले थिएटरसारख्या कंपनीत तालमींच्या हंगामात संध्याकाळी सातपर्यंत काम चालते, मध्ये जेवणाची सुट्टी. एकाच दिवशी तीन-चार निरनिराळ्या नाटकांच्या तालमी असतात. प्रयोगांचा हंगाम असला की दिवसभर हे करून रात्री साडेसातला रंगमंचावर उभे राहायचे. घरी पोहोचल्यावर पाय बर्फाच्या पाण्यात. बाकी घरकाम कोणालाच चुकलेले नाही.

बुटांबद्दल मात्र सविस्तर सांगितले पाहिजे, कारण मुलीचा खरा प्रश्न तोच होता. आम्हाला वाटायचे त्या बुटात लाकूड किंवा लोखंड असेल. तसे काही नसते. कापड, कागद आणि खळ यांचे थर एकावर एक चिकटवून पुढचा भाग कडक केलेला असतो, वर साटीन, खाली चामड्याचा लहानसा तळ. लंडनच्या फ्रीड कंपनीत हे बूट आजही हाताने होतात. कारागीर बूट उलटा, म्हणजे आतली बाजू बाहेर ठेवून शिवतो आणि मग उलटवून सुलटा करतो. प्रत्येक कारागिराची खूण तळव्यावर ठोकलेली असते. कोणाचे अक्षर, कोणाचा मासा, कोणाची घंटा. नर्तकी वर्षानुवर्षे एकाच कारागिराचे बूट मागते. तिने त्याला बहुधा पाहिलेलेही नसते, पण तो निवृत्त झाला की तिच्या पोटात गोळा येतो. हाताची कला ओळखणारे वाचक हे समजून घेतील.

नवा बूट आला की ती त्याला दारात चेपते, जमिनीवर आपटते, आतली पट्टी वाकवते आणि फिती स्वतः सुईदोऱ्याने शिवते. घसरू नये म्हणून टोकाला राळ लावते. इतके करून तो जोड किती टिकतो? मोठ्या भूमिकेत एक प्रयोग, कधी तेवढाही नाही. जोडाची किंमत शंभर डॉलरच्या आसपास असते. व्यावसायिक कंपनीत हा खर्च कंपनी करते. आणि हो, दुखते. बोटांना पट्ट्या गुंडाळून, फोड फोडून, नखे गमावून त्या नाचतात.

नोकरी म्हटली की पायऱ्या आल्याच. तळाला समूहनर्तक, वर एकल नर्तक, सर्वांत वर प्रमुख. 'स्वान लेक' नावाचे प्रसिद्ध नाटक आहे. जादूगाराने हंस करून टाकलेल्या राजकन्येची ती गोष्ट. १८७७ साली मॉस्कोत ते प्रथम झाले आणि आज दिसते ते रूप १८९५ साली सेंट पीटर्सबर्गला आले. त्यात चोवीस-चोवीस मुली हंस होऊन रांगेत उभ्या राहतात. नायिका मध्यभागी नाचत असताना त्यांनी एका पायावर भार देऊन, मान वाकवून, निश्चल उभे राहायचे. पायात गोळा आला तरी हलायचे नाही. एक हलली की सारी रांग बिघडली. आमच्या मते त्या उभे राहण्याचे मोल त्या गिरक्यांपेक्षा कमी नाही, पण टाळ्या तिकडे जातात. नायिकेला पांढरा हंस ओडेट आणि काळा हंस ओडिल अशी दोन्ही कामे करावी लागतात, आणि काळ्या हंसाच्या वेळी एका पायावर सलग बत्तीस गिरक्या. पांढरा सज्जन आणि काळा कपटी ही वाटणी कोणी केली असेल, हे आम्ही वेगळे सांगत नाही.

पगार वर्षाचे बाराही महिने चालू राहतोच असे नाही. अमेरिकेत अनेक कंपन्या वर्षातल्या ठरावीक आठवड्यांचाच करार करतात; बाकीचे आठवडे बेकार भत्त्यावर किंवा शिकवण्या करून काढायचे. नर्तकांची युनियन आहे, १९३६ साली स्थापन झालेली, आणि कामाचे तास, विश्रांती हे सारे करारात लिहिलेले असते. पॅरिसमध्ये तर नर्तकांना ४२ व्या वर्षी निवृत्तीवेतनाचा हक्क आहे आणि ही तरतूद १६९८ पासूनची. सरकारने ती काढायचे ठरवले तेव्हा २४ डिसेंबर २०१९ रोजी ऐन थंडीत पॅरिसच्या नर्तकी ऑपेराच्या पायऱ्यांवर आल्या आणि 'स्वान लेक'मधला भाग नाचून दाखवला. मागे संपाचे फलक. आम्ही बरेच मोर्चे पाहिले, पण असा पाहिला नव्हता.

मोबाइलमधली ती बाई म्हणजे मिस्टी कोपलंड. जन्म १९८२. सहा भावंडे, आईचे संसार मोडत गेले, आणि एक वेळ अशी आली की सारे कुटुंब कॅलिफोर्नियात एका मोटेलच्या खोल्यांत राहत होते, मुले जमिनीवर झोपत. तेराव्या वर्षी मुलांच्या एका क्लबात बास्केटबॉलच्या मैदानावर तिने पहिला बॅलेचा धडा घेतला. इतर मुली तोवर पाच-सहा वर्षे शिकून झालेल्या असतात. २००१ मध्ये ती अमेरिकन बॅले थिएटरच्या समूहात आली आणि जवळपास दहा वर्षे त्या कंपनीत ती एकटीच काळी स्त्री होती. बूट आणि मोजे गोऱ्या कातडीच्या रंगाचे. काळ्या नर्तकींना बुटावर आपल्या रंगाची पावडर थापावी लागे. फ्रीड कंपनीने तपकिरी रंगाचे बूट काढले ते २०१८ साली. २०१२ मध्ये 'फायरबर्ड' नाटकातली मुख्य भूमिका मिळाली तेव्हा तिच्या नडगीच्या हाडाला तडे गेलेले होते. तशीच नाचली. मग शस्त्रक्रिया, हाडावर पट्टी, आणि पुन्हा कठडा धरून पहिल्यापासून. ३० जून २०१५ रोजी ती प्रमुख नर्तकी झाली. कंपनीच्या ७५ वर्षांत या पदावर पोहोचलेली ती पहिली काळी स्त्री.

त्याच्या काही दिवस आधी न्यूयॉर्कला तिने 'स्वान लेक' केले, तेव्हा पडदा पडल्यावर फुले घेऊन एक वृद्ध बाई रंगमंचावर आल्या. त्या रेव्हन विल्किन्सन. १९५५ साली त्या एका गोऱ्या बॅले कंपनीत होत्या. रंग उजळ, गप्प राहिल्या असत्या तर खपून गेले असते. पण अटलांटातल्या हॉटेलवाल्याने जात विचारली तेव्हा त्यांनी खोटे बोलण्यास नकार दिला आणि हॉटेलबाहेर पडल्या. बडोद्याची पारशी धर्मशाळा वाचकांना येथे आठवल्याशिवाय राहणार नाही. पुढे त्यांना देश सोडून हॉलंडला जाऊन नाचावे लागले. २०१८ मध्ये त्या वारल्या. कोपलंड यांनी २२ ऑक्टोबर २०२५ रोजी न्यूयॉर्कमध्ये आपल्या कंपनीचा निरोप घेतला.

मुंबईलाही या नाचाची ओळख आहे. वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह आणि टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान या दोघांना येहुदा माओर या परदेशी गुरुजींनी येथेच शिकवले. अमिरुद्दीन २०१७ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. त्यांच्यावर २०२० साली चित्रपटही निघाला आणि त्यात मनीषने आपले काम स्वतःच केले.

रविवारी हे सारे सांगून झाल्यावर मुलीने विचारले, "मग मी शिकू का?" आम्ही म्हटले, शीक, पण बोटांवर उभी राहू नकोस. तो बूट शिक्षकांनी पाय तपासून सांगितल्याशिवाय घालायचा नसतो, वाढत्या हाडांना इजा होते. तिची आई दाराशी उभी होती. तिने विचारले, "भाऊ, पेन्शन ४२ व्या वर्षी म्हणालात ना?" आम्ही म्हटले, "ते पॅरिसला, वहिनी."

बुधवारी ऑफिसातून येताना पाहिले तर चौथ्या मजल्याच्या गॅलरीचा कठडा एका हाताने धरून पोरगी गुडघे वाकवत होती. पाठ ताठ होती. कठड्यावर वाळत घातलेली गोधडी तिने एका बाजूला सारून ठेवली होती.