खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील विलगीकरण

खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील विलगीकरण म्हणजे नव्याने आणलेला सागरी मासा मुख्य टाकीत सोडण्यापूर्वी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून त्याचे निरीक्षण करणे, त्याला खाण्याची सवय लावणे आणि आवश्यक असल्यास त्याच्यावर उपचार करणे होय. या काळाचे हेतू दोन असतात. नव्या माशाबरोबर आलेला रोग जुन्या माशांना होऊ नये, हा पहिला. आणि प्रवासाने थकलेल्या माशाला इतरांच्या स्पर्धेविना सावरता यावे, हा दुसरा. नाजूक जातींच्या बाबतीत हे दोन हेतू कधी कधी परस्परांच्या आड येतात. परजीवी मारणारे औषध माशाची भूकही मंद करते, आणि न खाणारा मासा रोगाआधी उपासमारीनेच दगावतो. म्हणून अशा माशांचे विलगीकरण मुख्यतः योग्य क्रमावर अवलंबून असते : आधी स्थिर पाणी, नंतर अन्न आणि त्यानंतर उपचार.

समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशात ही प्रक्रिया अधिक अवघड होते. महाराष्ट्रातील जळगाव आणि धुळे हे खानदेशातील जिल्हे याचे उदाहरण आहेत. लांबचा प्रवास, उन्हाळ्यातील तीव्र उष्णता, हिवाळ्यातील थंडी आणि पाण्याची टंचाई या चारही गोष्टींचा परिणाम तेथे टाकीतील माशावर होतो.

संज्ञा

‘क्वारंटाइन’ हा शब्द इटालियन भाषेतील ‘चाळीस’ या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. एड्रियाटिक समुद्रावरील रागुसा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, या बंदराने १३७७ साली प्लेगच्या भीतीने बाहेरून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळे ठेवण्याचा नियम केला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली. मराठीत ‘विलगीकरण’ हा शब्द २०२० सालच्या कोरोना साथीत सर्वतोमुखी झाला. सागरी माशांसाठी साधारणपणे चार ते सहा आठवड्यांचे विलगीकरण केले जाते. ही मुदत जुन्या चाळीस दिवसांच्या जवळ असली तरी ती परजीवींच्या जीवनचक्रावरून ठरलेली आहे.

नाजूक माशाचे उदाहरण

विलगीकरणातील अडचणी समजण्यासाठी कॉपरबँड बटरफ्लाय या फुलपाखरू माशाचे उदाहरण उपयुक्त ठरते. केल्मॉन रोस्ट्रॅटस हे त्याचे शास्त्रीय नाव असून लिनियसने १७५८ साली या जातीचे वर्णन केले. रुपेरी अंगावरील तांबूस-नारिंगी उभे पट्टे, पाठीच्या परावरील डोळ्यासारखा काळा ठिपका आणि लांब चिमट्यासारखे तोंड ही त्याची लक्षणे होत. त्याची लांबी जास्तीत जास्त सुमारे २० सेंटिमीटर होते. अंदमान समुद्रापासून पश्चिम प्रशांत महासागर व ऑस्ट्रेलियापर्यंतच्या प्रवाळभित्तींजवळ तो आढळतो.

हा मासा खडकांच्या फटींतून बारीक कृमी व इतर अपृष्ठवंशी जीव टिपून खातो. दिवसभर थोडे थोडे टिपत राहणे ही त्याची सवय आहे. पाण्यावर तरंगणारे कोरडे खाद्य त्याला अन्न म्हणून ओळखताच येत नाही. परिणामी पकडणे, साठवण, वाहतूक आणि दुकान या टप्प्यांत तो अनेक दिवस उपाशी राहू शकतो. आग्नेय आशियाच्या काही भागांत प्रवाळभित्तीतील मासे पकडण्यासाठी सायनाइडचा बेकायदेशीर वापर होत आला आहे. असा मासा वरवर निरोगी दिसला तरी पुढे दगावू शकतो. त्यामुळे मासा दुकानात प्रत्यक्ष खाताना पाहिल्यावरच विकत घेणे, ही निवडीची पहिली कसोटी मानली जाते. डोळ्यांच्या वर व पाठीलगत खोलगटपणा असणे, धाप लागल्यासारखा श्वास घेणे आणि परांवर ठिपके दिसणे ही माशाची निवड टाळण्याची कारणे होत.

खानदेशातील परिस्थिती

मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर, समुद्राच्या काठावर उभे राहिले. खानदेशात मात्र समुद्राचे पाणी उपलब्ध नाही. लोहमार्गाने जळगाव मुंबईपासून सुमारे ४२० किलोमीटरवर आहे, तर मुंबई–आग्रा महामार्गावरील धुळे सुमारे ३२० किलोमीटरवर आहे. मासा पिशवीत भरल्यापासून घरी पोहोचेपर्यंत आठ ते बारा तास सहज जातात.

टाकीसाठी खारे पाणी घरीच तयार करावे लागते. आरओ यंत्रातून गाळलेल्या पाण्यात सागरी मत्स्यालयासाठी बनवलेले मिश्र मीठ विरघळवले जाते. स्वयंपाकाचे मीठ यासाठी चालत नाही, कारण समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडशिवाय मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट व बायकार्बोनेट हेही घटक ठरावीक प्रमाणात असतात. समुद्राच्या पाण्याची क्षारता दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम असते. या हिशेबाने १०० लिटर पाण्याला साधारण साडेतीन ते चार किलो मिश्र मीठ लागते. नळाला रोज पाणी न येणाऱ्या भागात पाणी बदलण्यासाठी लागणारा साठा आधीच करून ठेवणे आवश्यक असते. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे पाणीही वाया न घालवता धुण्यासाठी वापरता येते.

उष्णता हा दुसरा प्रश्न आहे. मे महिन्यात जळगाव व भुसावळ परिसरात पारा ४३ ते ४५ अंश सेल्सियसपर्यंत जातो. प्रवाळभित्तीतील बहुतेक माशांना २५ ते २७ अंशांचे पाणी मानवते. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना दर लिटरला सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांना सुमारे ६.२. गोड्या पाण्याच्या मानाने हे दोन्ही आकडे कमी आहेत. मोठ्या टाकीसाठी पाणी थंड करणारे चिलर यंत्र वापरले जाते. लहान विलगीकरण टाकीवर पृष्ठभागाला घासून जाईल असा पंख्याचा झोत सोडला तरी बाष्पीभवनामुळे पाणी काही अंशांनी उतरते. खानदेशातील कोरड्या उन्हाळ्यात ही पद्धत किनारपट्टीच्या दमट हवेपेक्षा अधिक परिणामकारक ठरते. त्याच कारणाने तेथे कूलरही चांगले चालतात. मात्र पाणी उडून जाते तेव्हा मीठ मागेच राहते. म्हणून कमी झालेली पातळी खाऱ्या पाण्याने न भरता गाळलेल्या गोड्या पाण्याने रोज भरून काढावी लागते. पावसाळ्यात हवा दमट झाल्यावर पंख्याचा उपयोग कमी होतो. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान १० अंशांच्या खाली जाऊ शकते. तेव्हा हीटर आवश्यक असतो. वीज गेल्यास प्राणवायू मिळत राहावा म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ ठेवला जातो.

विलगीकरण टाकी

विलगीकरण टाकीत वाळू व खडक ठेवले जात नाहीत. उघड्या तळामुळे विष्ठा व उरलेले अन्न लगेच काढता येते. शिवाय चुनखडीयुक्त वाळू व खडक तांब्याची औषधे शोषून घेतात. लपण्यासाठी पीव्हीसी पाइपचे तुकडे पुरेसे होतात. कॉपरबँडसारख्या माशासाठी किमान १०० लिटरची टाकी, स्पंजचा फिल्टर, तापमापक, झाकण आणि क्षारता मोजणारे रिफ्रॅक्टोमीटर एवढी तयारी लागते.

नव्या टाकीतील मुख्य धोका अमोनियाचा असतो. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. तो आधी नायट्राइटमध्ये व मग नायट्रेटमध्ये बदलणारे जीवाणू नव्या फिल्टरमध्ये नसतात आणि त्यांची वाढ होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. यासाठी फिल्टरचा स्पंज निरोगी मुख्य टाकीत आधीपासून ठेवून जीवाणूंनी युक्त करून घेतला जातो. अमोनियाची चाचणी सुरुवातीला रोज केली जाते.

पिशवीतून टाकीत

लांबच्या प्रवासानंतर पिशवीतील पाण्यात टाकीचे पाणी तासभर थेंब थेंब मिसळण्याची पद्धत प्रचलित आहे. दीर्घ प्रवासानंतर मात्र ती घातक ठरू शकते. बंद पिशवीत माशाच्या श्वसनामुळे कार्बन डायऑक्साइड साठून पाण्याचा सामू उतरतो. कमी सामूमध्ये बहुतांश अमोनिया अमोनियम या कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडताच कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू वाढतो आणि त्याच अमोनियमचे विषारी अमोनियात रूपांतर होते. अशा पाण्यात मासा तासभर राहिला तर त्याचे कल्ले होरपळतात.

यावर उपाय म्हणजे पाणी माशाच्या आधी तयार ठेवणे. विक्रेत्याच्या टाकीची क्षारता आधी विचारून विलगीकरण टाकी तितक्याच क्षारतेवर आणली जाते. बंद पिशवी १५ ते २० मिनिटे टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवले जाते. त्यानंतर पिशवी उघडून मासा लगेच टाकीत सोडला जातो. पिशवीतील पाणी टाकीत ओतले जात नाही. क्षारता वाढवायची असल्यास ती पुढील काही दिवसांत थोडी थोडी वाढवली जाते, कारण क्षारतेतील अचानक वाढ माशांना घटीपेक्षा अधिक जड जाते. पहिल्या दिवशी दिवे बंद ठेवले जातात.

आहार

पहिल्या आठवड्याचे उद्दिष्ट माशाने खाणे हे असते. सुरुवात जिवंत आर्टेमियापासून केली जाते, कारण हालचाल पाहून मासा टिपू लागतो. उघडलेल्या शिंपल्यातील तिसऱ्यांचे मांस तळाशी ठेवल्यास लांब तोंडाच्या माशाला नैसर्गिक पद्धतीने टोचून खाता येते. बाजारातून आणलेल्या तिसऱ्या आधी गोठवून घेतल्यास परजीवी येण्याचा धोका कमी होतो. मासा खाऊ लागल्यावर गोठवलेली मायसिस कोळंबी मिसळून हळूहळू तिचे प्रमाण वाढवले जाते. अन्न दिवसातून तीन-चार वेळा, थोडे थोडे देऊन उरलेले काढून टाकले जाते.

रोग व उपचार

सागरी मत्स्यालयात वारंवार आढळणारा रोग म्हणजे क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स या एकपेशीय परजीवीमुळे होणारा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. परजीवी तीन ते सात दिवस माशाच्या त्वचेत व कल्ल्यांत वाढतो, नंतर गळून पडतो आणि तळाशी कवच धारण करून विभागतो. कवचातून बाहेर पडलेली पिल्ले नवा मासा शोधतात. कवचाचा काळ काही दिवसांपासून अनेक आठवड्यांपर्यंत असू शकतो. त्यामुळे ठिपके नाहीसे झाले म्हणजे रोग गेला, असे नसते. परजीवी त्या वेळी केवळ माशावरून उतरलेला असतो. घाईने विलगीकरण संपवण्यातील धोका हाच आहे.

औषधाविना केला जाणारा उपाय म्हणजे टाकी बदलण्याची पद्धत. दर ७२ तासांनी मासा पूर्णपणे कोरड्या केलेल्या व नव्या पाण्याने भरलेल्या दुसऱ्या टाकीत हलवला जातो. गळून पडलेले परजीवी कवचातून बाहेर येण्याआधीच मासा तेथून निघालेला असतो. अशी चार स्थलांतरे केली जातात. या पद्धतीत दोन टाक्या व भरपूर खारे पाणी लागते. परंतु भूक मंदावण्याचा धोका टळतो. ती इतर सर्व परजीवींवर मात्र लागू पडत नाही.

दुसरा उपाय तांब्याच्या औषधांचा आहे. आयन रूपातील तांबे दर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम या अरुंद मर्यादेत ठेवावे लागते. त्याखाली औषध निष्प्रभ ठरते, त्यावर ते माशालाच विषारी ठरते. बांधील रूपातील तांब्याच्या औषधांच्या मात्रा वेगळ्या असतात आणि त्या चाचणी संचाने मोजल्याशिवाय वापरणे सुरक्षित नाही. मासा नियमित खाऊ लागेपर्यंत असे उपचार लांबवणे श्रेयस्कर मानले जाते. याला अपवाद अमायलूडिनियम या परजीवीमुळे होणाऱ्या ‘व्हेल्वेट’ रोगाचा आहे. त्यात अंगावर सोनेरी धुळीसारखा थर, जलद श्वास व प्रकाश टाळणे ही लक्षणे दिसतात. मासा काही दिवसांतच मरू शकत असल्याने तेथे वाट पाहता येत नाही.

मुख्य टाकीत प्रवेश

शेवटच्या लक्षणानंतर व उपचारानंतर काही आठवडे मासा निरोगी राहिला, नियमित खात असला आणि पाठ भरलेली दिसली, तर त्याला मुख्य टाकीत हलवले जाते. दोन्ही टाक्यांची क्षारता व तापमान आधी जुळवले जाते. मासा प्रथम छिद्रे असलेल्या पारदर्शक पेटीत दोन ते चार दिवस ठेवल्यास जुने मासे त्याला पाहतात, पण इजा करू शकत नाहीत. पेटीतही तो खात असेल तरच तो मोकळा सोडला जातो. कॉपरबँडसाठी मुख्य टाकी किमान ४०० ते ५०० लिटरची, काही महिने स्थिरावलेली आणि आक्रमक मासे नसलेली असावी लागते. विलगीकरणाविना रोग मुख्य टाकीत शिरल्यास सर्व मासे बाहेर काढून ती टाकी सुमारे अडीच महिने माशांविना ठेवावी लागते.

कायदा व पर्यावरण

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आणि समुद्रघोडे यांचा समावेश २००१ साली करण्यात आला. त्यामुळे भारतीय सागरातील जिवंत प्रवाळ वा समुद्रघोडे पकडणे, विकणे व बाळगणे बेकायदेशीर आहे. सजावटीसाठी कृत्रिम खडकांचा पर्याय उपलब्ध आहे.

वापरलेले खारे पाणी शेतात, बागेत किंवा नदीनाल्यात सोडणे हानिकारक असते. क्षारांमुळे जमीन नापीक होते, आणि तांबेमिश्रित पाणी शेवाळ व गोड्या पाण्यातील लहान जीवांना मारक ठरते. हा धोका तापी, गिरणा व पांझरा या नद्यांनाही लागू आहे.

कॉपरबँडसारखे बहुतेक मासे समुद्रातूनच पकडून आणलेले असतात. याउलट क्लाउनफिशचे प्रजनन बंदिस्त वातावरणात यशस्वी झाले असून भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याचे तंत्र विकसित केले आहे. असे मासे टाकीतील जीवनाला व तयार खाद्याला जन्मापासून सरावलेले असतात. त्यामुळे खानदेशासारख्या प्रदेशात नवशिक्यांसाठी ते अधिक योग्य मानले जातात. विलगीकरण मात्र त्यांच्यासाठीही आवश्यक असते.