खारा वारा आणि नसलेला प्रिंटर

नव्वदच्या दशकात अलिबागच्या एका बँक शाखेत मी यूनिक्स सांभाळत होतो. रंगराजन समितीच्या १९८४च्या अहवालानंतर बँकांत यंत्रं शिरली, मग एका सर्व्हरला जोडलेले टर्मिनल आले; दिवसअखेर मात्र कागदावरच व्हायची. डे-बुक छापल्याशिवाय प्रोग्राम पुढची तारीख उघडत नसे.

आणि प्रिंटर तर टिकत नसे. खाऱ्या वाऱ्याने डॉट मॅट्रिक्सच्या हेडमधल्या पिना गंजून अडकायच्या. पावसाळ्यात मांडव्याची लाँच बंद, म्हणून प्रिंटर दुरुस्तीला एसटीने वडखळमार्गे मुंबईला जायचा. तोवर रांगेत कामं तुंबलेली आणि कॅशियर घड्याळाकडे बघत बसलेले.

तेव्हा डमी प्रिंटर उभा केला. 'एलपीअ‍ॅडमिन'ने नाव दिलं, उपकरणाच्या जागी आलेलं सगळं गिळून टाकणारं '/डेव्ह/नल', मॉडेल 'डंब'. मग 'अ‍ॅक्सेप्ट' आणि 'एनेबल'. पहिल्या आज्ञेने रांग कामं घेऊ लागते, दुसरीने ती पुढे सरकतात; एक जरी विसरली तरी काम अडतंच. त्या रात्री दिवसअखेर दहा मिनिटांत झाली.

सकाळी भलत्याच स्क्रिप्ट 'परवानगी नाही' म्हणून थांबू लागल्या. छपाईची रांग सांभाळणाऱ्या स्पूलरने '/डेव्ह/नल'ला आपलं यंत्र समजून त्याची मालकी 'एलपी'कडे घेतली होती, परवानगी ६००. ती पुन्हा ६६६ केली आणि 'एमकेनॉड'ने त्याच मेजर-मायनर क्रमांकांचं, वेगळ्या नावाचं उपकरण डमीसाठी बनवलं.

पण खरी चूक वेगळीच होती, ती ऑडिटच्या वेळी कळली. नलमध्ये गेलेलं डे-बुक परत मिळत नाही. लोकांच्या पैशाचा हिशेब असा वाऱ्यावर सोडायचा नसतो. म्हणून डमीची इंटरफेस स्क्रिप्ट मी नव्याने लिहिली. स्पूलर तिच्या हाती कामाचा क्रमांक, वापरकर्ता, शीर्षक, प्रतींची संख्या, पर्याय आणि शेवटी फाइलींची नावं देतो. त्या फाइली तारखेच्या डिरेक्टरीत ठेवायच्या, बस. १९९९मध्ये कप्स ही नवी छपाई-प्रणाली आली, पुढे पीडीएफ प्रिंटर घरोघरी झाले. छापण्याच्या आज्ञेतून फाइल राखण्याची ती सोय आम्ही सहा ओळींत केली होती.

श्रावणात प्रिंटर गोणपाटात गुंडाळून परत आला. नवी रिबन घातली, डिरेक्टरीतल्या फाइली तारीखवार रांगेत सोडल्या आणि संध्याकाळपर्यंत शिपाईकाका कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडत बसले होते.