एक शाळा, अनेक घरं

उमरी, भोकर, धर्माबाद या भागातल्या कोणत्याही हायस्कुलात जा. हजेरीपट एकच असतो, पण मुलांच्या घरची बोली निरनिराळी. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी तेलुगू, कुणाची आई उर्दू बोलते, तर तांड्यावरून येणारं पोर गोरमाटीत विचार करतं. अशा शाळेत मुख्याध्यापकानं काय सांभाळायचं, हा प्रश्न आपल्या गुरुजींना रोजचाच आहे. हाच प्रश्न मुंबईतल्या एका मराठी शाळेला वेगळ्या रूपानं पडला होता. तिची हकीकत आज सांगायची आहे. ती शाळा यहुदी लोकांची.

यहुदी आणि मराठी? होय, मंडळी. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, बेने इस्रायल नावाचा यहुदी समाज शेकडो वर्षं राहत आला. अलिबागजवळ नवगावला आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं, अशी त्यांची परंपरा सांगते. धंदा तेलाच्या घाण्याचा. शनिवारी घाणा बंद, कारण तो त्यांचा विसाव्याचा पवित्र दिवस. म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. आडनावंही आपल्यासारखीच गावावरून : किहीमचे ते किहीमकर, राजपुरीचे ते राजपुरकर. बायबलातल्या कथांवर हा समाज मराठीत कीर्तनं करी.

या समाजातले हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी 1875 साली मुंबईत इस्रायली शाळा काढली. तिथं मराठी, इंग्रजी आणि त्यांच्या धर्मग्रंथांची भाषा हिब्रू शिकवली जाई. लंडनच्या यहुदी मंडळाकडून पैशाची मदत मिळे. पुढे एली कदूरी या धनिकाची मोठी देणगी आली आणि शाळेला सर एली कदूरी हे नाव पडलं.

आता इथं खरी मेख आहे. बाहेरून पाहणाऱ्याला ‘यहुदी’ हा एकच शब्द दिसतो. आत मात्र घरं अनेक. कदूरी हे बगदादकडचे यहुदी, व्यापार हाँगकाँग-शांघायला. मुंबईतल्या बगदादी मंडळींच्या घरची भाषा अरबी, पुढं इंग्रजी. त्यांच्यातले बरेच जण बेने इस्रायलांना आपल्या बरोबरीचे मानायला तयार नसत. खुद्द बेने इस्रायलांतही गोरे आणि काळे असा भेद पाळला जाई. म्हणजे उच्चनीचतेची आपली जुनी खोड तिथंही होतीच! त्यात 1925 साली डॉक्टर जेरुशा झिराड यांच्या पुढाकारानं सुधारणावादी धर्मसभा निघाली. जुन्या वळणाचे एकीकडे, नव्या वळणाचे दुसरीकडे, आणि मुलं एकाच बाकावर.

अशा शाळेची धुरा 1922 साली एका बाईंकडे आली. त्यांचं नाव रिबेका रूबेन. पुण्याच्या हुजूरपागेच्या त्या विद्यार्थिनी. 1905 च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात त्या पहिल्या आल्या, तेव्हा मुलींनी मॅट्रिकला बसणंच नवलाचं होतं. विलायतेत अध्यापनाचं शिक्षण घेतलं, आपल्या समाजाचं वार्षिक काढलं. 1950 पर्यंत, म्हणजे अठ्ठावीस वर्षं, त्या मुख्याध्यापिका होत्या. एका शाळेत इतकी वर्षं टिकणं हेच मोठं काम, हे ज्यानं मुख्याध्यापकाच्या खुर्चीत एक जून महिना काढला आहे त्याला समजेल.

मुख्याध्यापकाच्या हाती असतं तरी काय? देणगी दुसऱ्याची, अभ्यासक्रम सरकारचा, परीक्षा विद्यापीठाची. उरतं ते वेळापत्रक, शिक्षकांची निवड, आणि कोणता विषय कशा अंगानं शिकवायचा याचा निर्णय. माझ्या मते बाकी सगळं या तिसऱ्या गोष्टीवर ठरतं. हिब्रूचंच घ्या. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेत संस्कृत, फारसीप्रमाणे हिब्रूलाही स्थान होतं. त्यामुळे ही भाषा नुसती पाठांतराची प्रार्थना म्हणून नव्हे, तर व्याकरण, शब्द, उतारा अशा रीतीनं शिकवता येई. प्रार्थना कशी म्हणावी यावर जुन्या आणि नव्या मताच्या घरांत वाद होईल. क्रियापद कसं चालवावं यावर होणार नाही. घरोघरी मतं वेगळी असली, तरी सर्वांना पटेल असा धडा असा शोधून काढावा लागतो.

दुसरी बाजू मराठीची. मराठीमुळे कारकुनाचं पोर आणि कारागिराचं पोर एकच पुस्तक वाचू शकत होतं, आणि शेजारच्या इतर धर्मांच्या मुलांनाही दार उघडं राहत होतं. मुख्याध्यापक स्वतः कुणाच्या घरचा, यालाही एवढं महत्त्व देण्याचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बगदादी ससून घराण्याच्या पैशावर चाललेल्या मुंबईच्या शाळेत जोसेफ यहेज्केल राजपुरकर हे बेने इस्रायल गृहस्थ कित्येक वर्षं मुख्याध्यापक होते. त्यांनी हिब्रू ग्रंथ मराठीत आणले. ज्यांच्याशी पंक्तिव्यवहाराला बगदादी मंडळी कचरत, त्यांच्याच हाती पोरं सोपवली!

आपल्याकडे निजामी अमलात हायस्कुलाचं शिक्षण उर्दूत होतं. घरी मराठी किंवा तेलुगू बोलणारं मूल भूमितीचा सिद्धांत परक्या भाषेत घोकत बसे. ते दिवस 1948 नंतर सरले. तांड्यावरच्या मुलाची अडचण मात्र आजही तीच आहे, फक्त परकी भाषा आता मराठी. त्याला पहिल्या महिन्यात कोणत्या बाकावर बसवायचं, त्याच्याशी गोरमाटीत दोन शब्द बोलू शकणारा शिक्षक कोणत्या वर्गाला द्यायचा, हे वरून परिपत्रक येऊन ठरत नाही, शाळेतच ठरतं.

1948 साली इस्रायल देश झाला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक बेने इस्रायल कुटुंबं तिकडे गेली. रिबेकाबाई 1957 साली वारल्या. ज्यांच्यासाठी शाळा काढली ती मुलंच उरली नाहीत, तर शाळेनं काय करावं? कुलूप लावता आलं असतं. माझगावची ही शाळा चालू राहिली. वर्गात आता बहुतेक मुलं इतर धर्मांच्या घरांतली असतात.