दम कसा वाढवावा?

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो आणि भिंतीजवळ थांबून वाचणाऱ्या पालकांनो,

मागच्या हिवाळ्यात केंद्राच्या क्रीडास्पर्धेत मी ६०० मीटर धावण्यात नाव दिले होते. शिट्टी वाजली तशी मी सुसाट सुटले. पहिली फेरी सगळ्यांच्या पुढे! दुसऱ्या फेरीत बरगडीखाली कळ आली, घसा कोरडा पडला आणि मी चक्क मैदानात बसले. सर्वांत मागची मुलगीसुद्धा मला ओलांडून गेली. घरी येऊन खूप रडले. आता धावायचेच नाही असे ठरवले.

बाबा म्हणाले, "सुरुवातीलेच सारा दम खर्चला त शेवटाले काय उरन? बंडी जुतली की पहिल्याच कोसात बैलाईले कोणी पयवते काय?"

मला ते पटले. माझी ताई पोलीस भरतीची तयारी करते. तिथे मुलींना ८०० मीटर आणि मुलांना १६०० मीटर धावावे लागते. तिच्याबरोबर चार महिने सराव करून आणि गुरुजींना विचारून जे समजले, ते इथे लिहिते.

दम का लागतो?

धावताना पायांच्या स्नायूंना जास्त प्राणवायू लागतो. फुफ्फुसे तो हवेतून घेतात आणि हृदय रक्तातून पायांपर्यंत पोचवते. हळू धावलो तर हा पुरवठा पुरतो. एकदम जोरात धावलो की तो अपुरा पडतो. मग स्नायू प्राणवायूवाचून शक्ती काढतात, पण ती थोडाच वेळ टिकते. विहिरीचे तसेच आहे. झऱ्यांना जेवढे पाणी येते त्यापेक्षा जास्त उपसा केला की पंप कोरडा पडतो. सराव म्हणजे झरे मोठे करणे. रोजच्या सवयीने हृदय बळकट होते, एका ठोक्यात जास्त रक्त ढकलते आणि स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्याही वाढतात. याला काही आठवडे लागतात. दोन दिवसांत काहीच होत नाही.

सुरुवात कशी करावी?

१) आधी पाच मिनिटे चालावे, हातपाय मोकळे करावे.

२) घड्याळ नसले तरी चालते. रस्त्यावरचे विजेचे खांब मोजावेत. पहिले दोन आठवडे एक खांब धावायचे, दोन खांब चालायचे. असे १५ ते २० मिनिटे. पुढचे दोन आठवडे दोन खांब धावायचे, एक चालायचे. नंतर चालणे हळूहळू कमी करायचे.

३) वेग बरोबर आहे की नाही हे कसे ओळखावे? धावता धावता बाराचा पाढा म्हणून पाहा. म्हणता आला तर वेग ठीक. 'बारा चोक' लाच धाप लागली तर वेग कमी करा.

४) आठवड्यातून चार दिवस धावणे पुरे. विश्रांतीच्या दिवशी शरीर भरून निघते.

५) महिनाभरानंतर आठवड्यातून एकदा वेगाचा सराव करावा. ६० मीटर जोरात धावून चालत परत यायचे, असे चार ते पाच वेळा. दम आणि वेग दोन्ही लागतात, पण दम आधी.

आपल्या वऱ्हाडात काय सांभाळावे?

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. म्हणून पहाटेच धावावे. दुपारी कधीच नाही. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यात पाय मुरगळतो. पावसाळ्यात ती पायाला चिकटते. त्यापेक्षा मुरमाची वाट बरी. पांधनीत बाभळीचे काटे असतात, अनवाणी जाऊ नये. जेवल्यावर दोन तास धावू नये. पाणी थोडे थोडे प्यावे. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, शेंगदाणे आणि गूळ हे आपल्या घरचेच खाणे धावणाऱ्याला चांगले आहे. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर लगेच थांबावे आणि मोठ्यांना सांगावे.

मोठे धावपटू कुठून आले?

अविनाश साबळे हे बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे. लहानपणी त्यांची शाळा सहा किलोमीटर दूर होती आणि ते पायीच जात. पुढे ते सैन्यात गेले. २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक मिळवले. २०२४ साली पॅरिसला त्यांनी हेच अंतर ८ मिनिटे ९.९१ सेकंदांत पार केले. आपल्या मैदानाची एक फेरी १५० मीटरची आहे. म्हणजे २० फेऱ्या, प्रत्येक फेरी साडेचोवीस सेकंदांत, शिवाय वाटेत ३५ अडथळे! आपल्या वर्गातल्या सर्वांत चपळ मुलाला एकच फेरी मारायला २८ सेकंद लागले.

ललिता बाबर या सातारा जिल्ह्यातल्या मोही या दुष्काळी गावच्या. २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्या याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या.

आणि दूर कशाला? आपल्या अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले. तिथला चमू १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आला.

पालकांना विनंती

पहिल्यांदा बाबा ताईला म्हणाले होते, "पोरीले एवढ्या पहाटे रस्त्यावर पाठवाले मन होत नाही." त्यांची काळजी खरीच होती. ताईने तेव्हा काही म्हटले नाही, फक्त डोळे पुसले. आता बाबा स्वतः सायकल घेऊन आमच्या मागे येतात. आपणही मुलींना घरी बसवू नका, सोबत या.

या वर्षी मी पुन्हा ६०० मीटर धावले. पहिली फेरी मुद्दाम हळू धावले. चौथी आले. बक्षीस मिळाले नाही, पण मैदानात बसले नाही. शेवटच्या फेरीत तीन मुलींना मागे टाकले. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसेच दमाचेही आहे.

उद्या सकाळी साडेपाचला आम्ही पाराजवळ असतो. ज्याला यायचे त्याने यावे.

— इयत्ता ७ वीची एक विद्यार्थिनी